झाडे थंडीचा हिशोब कसा ठेवतात?

डिसेंबर उजाडला की रोहा तालुक्यात दोन माणसे भेटली तरी 'यंदा थंडी कशी आहे?' हा प्रश्न निघतोच. शहरात हा प्रश्न बोलायला दुसरा विषय नसला म्हणजे विचारतात. येथे मात्र त्यावर घरातली वर्षाची मिळकत अवलंबून असते. कुंडलिकेच्या खोऱ्यात भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो. डोंगरउतारावर हापूसची कलमे असतात आणि बागायतदाराचे लक्ष त्यांच्या शेंड्यांकडे लागलेले असते. थंडी वेळेवर पडली तर वालाच्या शेंगा भरतात, भांबुर्डीचा पाला घालून पोपट्या लागतात आणि आंबाही मोहोरतो. थंडी लांबली, किंवा आली आणि नको तेवढी रेंगाळली, तर मे महिन्यात पेट्या कमी भरतात.

खरे तर रोह्याची थंडी म्हणजे काही मोठी थंडी नव्हे. रात्रीचा पारा पंधरा अंशांपाशी आला की आपण गोधडी काढतो. हिमाचल प्रदेशातील शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. पण आंब्याच्या झाडाला हे पंधरा अंश पुरेसे असतात, आणि सफरचंदाच्या झाडाला ते मुळीच पुरत नाहीत. वनस्पतीच्या दृष्टीने थंडी हा निव्वळ अंशांचा प्रश्न नसतो. ती कोणत्या वेळी आली आणि त्या वेळी झाड कोणत्या अवस्थेत होते, यावर पुढचे सगळे ठरते. हे नीट समजण्यासाठी आधी थोडे थंड प्रदेशात जाऊन यावे लागेल. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही.

एस.टी.ने गाठता येणारा थंड प्रदेश

रोह्याहून महाबळेश्वर हवाई अंतराने जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. रोहा जवळजवळ समुद्रसपाटीला, तर महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर. वातावरणात दर किलोमीटरला तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण नववी-दहावीला शिकवतो. त्या हिशोबाने महाबळेश्वर रोह्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड असायला हवे, आणि साधारण तसे ते असतेही. पण हिवाळ्यात एखाद्या सकाळी वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात गवतावर दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा शेजारीच 'किमान तापमान पाच अंश' असेही छापलेले असते. चौकस विद्यार्थी लगेच विचारतो, पाणी शून्य अंशाला गोठते ना? मग पाच अंशांना दव कसे गोठले?

याचे उत्तर तापमापक कोठे ठेवला आहे यात आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान मोजतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत राहतात. ढग असते तर त्यातली बरीचशी परत मिळाली असती. ढग नसले की ती जाते ती गेलीच. त्यामुळे गवताचे पाते सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पेटीतला पारा चार-पाच अंश दाखवीत असताना पात्यावर शून्याखालचे तापमान असू शकते. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खालच्या बाजूला साचते. म्हणून दव गोठते ते टेकडीच्या माथ्यावर नव्हे, तर तलावाकाठच्या खोलगट भागात.

याच भागात स्ट्रॉबेरीची शेते आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो येथील थंड हवेमुळे. स्ट्रॉबेरीला फुलण्यासाठी लहान दिवस आणि गार रात्री हव्या असतात. पण तीच गार रात्र आणखी काही अंशांनी उतरली, की उघडलेल्या फुलाच्या मधला पिवळा भाग काळा पडतो. पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच राहतात, त्यामुळे लांबून काही झाले आहे असे वाटतही नाही. पण त्या फुलातून फळ येत नाही. कारण फुलाचा स्त्रीकेसर मेलेला असतो.

गोठताना पेशीत काय होते?

पाणी गोठताना प्रसरण पावते, म्हणून वनस्पतीची पेशी बाटलीसारखी फुटते, असे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते बहुतेक वेळा खरे नसते. पेशींच्या आत साखर, क्षार आणि प्रथिने विरघळलेली असल्याने तेथला हिमांक खाली असतो. पेशींच्या मधल्या पोकळ्यांतले पाणी मात्र जवळजवळ शुद्ध असते. पहिला बर्फ तेथे होतो. एकदा बाहेर बर्फ झाला की तो पेशीच्या आतले पाणी ओढून घेऊ लागतो. पेशी फुगून फुटण्याऐवजी उलट आक्रसत जाते. तिचे पटल सुरकुतते, विस्कटते आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा जागेवर येत नाही. म्हणजे गोठून मेलेले पान हे एका अर्थी तहानेने मेलेले पान असते. म्हणूनच थंडीला टिकणाऱ्या आणि दुष्काळाला टिकणाऱ्या वनस्पतींच्या युक्त्यांमध्ये आश्चर्यकारक साम्य आढळते.

बर्फाचा पहिला कण तयार होण्यासाठीही काही आधार लागतो. अगदी शुद्ध पाण्याचे थेंब शून्याखाली कितीतरी अंश न गोठता राहू शकतात. पानांवर राहणारा 'स्यूडोमोनास सिरिंजी' हा जिवाणू आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या साहाय्याने पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवतो आणि उणे दोन ते उणे पाच अंशांतच बर्फाला सुरुवात करून देतो. हे प्रथिन काढून टाकलेला जिवाणू शास्त्रज्ञांनी तयार केला आणि १९८७ साली कॅलिफोर्नियात त्याची उघड्या शेतात फवारणी केली. जनुकीय बदल केलेला सजीव सरकारी परवानगीने निसर्गात सोडण्याचा तो पहिला प्रयोग. शेत होते स्ट्रॉबेरीचेच.

थंड प्रदेशातील झाडे मात्र थंडी येण्यापूर्वीच तिची तयारी करतात. दिवस लहान होऊ लागले आणि तापमान शून्याच्या वर पण खूप गार राहिले, की काही आठवड्यांत पेशींत साखर साठू लागते आणि पटलांमधील मेदांची घडण बदलते. हा दुसरा बदल वर्गात सहज दाखवता येतो. हिवाळ्याच्या सकाळी रोह्यातही खोबरेल तेल बाटलीत थिजते. शेजारच्या बाटलीतले शेंगदाण्याचे तेल वाहतेच राहते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त, शेंगदाण्यात असंपृक्त जास्त. थंडीची चाहूल लागलेले झाड आपल्या पटलांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवते, म्हणजे पटल गारठ्यातही थिजत नाही. अशी तयारी पूर्ण झालेली विलो किंवा बर्चची डहाळी सावकाश गोठवली, तर द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर ठेवूनही जिवंत राहते. तीच डहाळी भर उन्हाळ्यात तोडली, तर शून्याखालच्या थोड्याशा अंशांनी मरते.

उष्ण प्रदेशातील वनस्पतींना ही तयारी करताच येत नाही. केळे शीतकपाटात काळे पडते ते गोठून नव्हे. तेथे तर पाच-सात अंश तापमान असते. त्याची पटले बारा-तेरा अंशांखालीच बिघडू लागतात. खानदेशात रावेर-यावलकडे कडक हिवाळ्यात केळीच्या पानांवर चट्टे पडतात, वाढ खुंटते. शेतकरी त्याला 'चरका' म्हणतात. नेमका शब्द आहे.

थंडी हा निरोपही असतो

आतापर्यंत इजेचा विचार झाला. पण थंडी नसेल तर काही झाडांचे अडते, ही गोष्ट अधिक विलक्षण आहे. शरद ऋतूत पेरलेला युरोपातील गहू हिवाळ्याची थंडी खाल्ल्याशिवाय ओंबीवर येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ गासनर यांनी १९१८ साली यावर पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. या क्रियेला वसंतीकरण म्हणतात. (पुढे रशियात लायसेंको यांनी याच क्रियेवर भलतेच सिद्धांत उभे केले, आणि त्यांना विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ साली तुरुंगात मरण पावले. विज्ञानाच्या इतिहासाचा तास असेल तर ही हकिगत जरूर सांगावी.)

पण गव्हाला थंडीचे आठवडे मोजता कसे येतात? एका दिवसाच्या गारठ्याने फसून चालणार नाही. पूर्ण हिवाळा सरला याची खात्री हवी. याचे उत्तर मोहरीच्या कुळातील 'ॲराबिडॉप्सिस' या चिमुकल्या तणावरील संशोधनातून मिळाले. इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनेस केंद्रात कॅरोलिन डीन यांच्या गटाने यात मोठी भर घातली आहे. या वनस्पतीत एफएलसी नावाचे एक जनुक फुलण्यावर ब्रेक लावून बसलेले असते. दीर्घ थंडीत ते एकेका पेशीत कुलूपबंद होत जाते. कोणतीही एक पेशी आठवडे मोजत नाही. तिचे कुलूप एक तर लागलेले असते, नाही तर उघडे असते. आठवडे वाढतात तसे कुलूप लागलेल्या पेशींचे प्रमाण वाढते. हे थोडेसे मतदानासारखे आहे. पुरेशा पेशींनी ब्रेक सोडला की झाड फुलते. पुढे उबदार दिवस आले तरी हे कुलूप टिकते, म्हणून वसंतातही हिवाळ्याची आठवण राहते.

सफरचंदाची तऱ्हा वेगळी. त्याच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी गेलेल्या असतात. थंडी त्यांना तयार करत नाही, झोपेतून उठण्याची परवानगी देते. डेलिशससारख्या जातींना त्यासाठी सात अंशांखालचे साधारण हजार तास लागतात. हे तास भरले नाहीत तर कळ्या तुटकतुटक, मागेपुढे उमलतात. परागीभवन नीट होत नाही. कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील बागा याच कारणाने अडचणीत आल्या. तेथे डाळिंब आणि भाजीपाला आला आणि सफरचंद किन्नौर, लाहौल-स्पितीकडे वर सरकले.

उबदार हिवाळ्यात गोठण्याचे नुकसान वाढते

पृथ्वी तापते आहे, तर निदान थंड देशांतील शेतकऱ्यांची गोठण्यातून सुटका होईल, असे वाटणे साहजिक आहे. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये नेमके उलटे घडले. मार्चचा शेवट असाधारण उबदार गेला. द्राक्षवेलींना आणि जर्दाळूला वाटले वसंत आला, कळ्या फुटल्या. हिवाळ्यातली साखर आणि पटलांची तयारी झाडांनी मोडून टाकली. आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पारा शून्याखाली गेला. द्राक्षमळ्यांत रात्रभर हजारो मशाली-मेणबत्त्या पेटवल्या, तरी प्रचंड नुकसान झाले. ती थंडी काही अभूतपूर्व नव्हती. जानेवारीत आली असती तर वेलींना तिचे काहीच वाटले नसते. हवामानशास्त्रज्ञांनी नंतर केलेल्या विश्लेषणात, तापमानवाढीमुळे अशा, म्हणजे कळ्या फुटल्यावर येणाऱ्या, थंडीची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढली असल्याचे दिसून आले. कळ्या लवकर फुटू लागल्या आहेत, पण उशिराच्या गार रात्री तितक्या वेगाने मागे हटलेल्या नाहीत.

आपल्याकडे निफाडचा द्राक्ष बागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे शेकोट्या पेटवतो, विहिरीचे तुलनेने उबदार पाणी सोडतो. युरोपातील काही बागांत तर कळ्यांवर मुद्दाम तुषारसिंचन करून त्यांच्यावर बर्फाचे कवच चढवतात! एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे पाणी सतत गोठत आहे तोवर आतली कळी शून्य अंशाच्या खाली जात नाही. अप्रकट उष्णतेचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता रोह्याच्या आंब्याकडे

फ्रान्सच्या द्राक्षात आणि रोह्याच्या हापूसात वरवर काही साम्य नाही. आंब्याला सफरचंदासारखी झोप नसते, आणि गव्हासारखे आठवडे मोजायचे नसतात. पावसाळ्यानंतरची पालवी जून झाली की शेंड्याचा डोळा फुटायला तयार होतो. त्यातून पालवी निघणार की मोहोर, हे डोळा फुटण्याच्या वेळच्या तापमानावर ठरते. कलमे नियंत्रित खोल्यांत ठेवून केलेल्या प्रयोगांत दिवसा १८ आणि रात्री १० अंश ठेवले तर मोहोर आला. ३० आणि २५ अंश ठेवले तर पालवी. थंडी जाणवते ती डोळ्याला नव्हे, पानांना. फांदी सालीभोवती वलय कापून वेगळी केली आणि तिची पाने काढून टाकली, तर गारठ्यातही तिला मोहोर येत नाही. जुन्या पानांत काहीतरी तयार होऊन शेंड्याकडे जाते. या 'काहीतरी'ची कल्पना रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडली आणि त्याला फ्लोरिजेन हे नावही दिले. ते पानातून शेंड्याकडे जाणारे एक छोटे प्रथिन आहे, हे २००७ साली ॲराबिडॉप्सिस आणि भातात दाखवले गेले. आंब्याच्या पानांतही तशाच प्रकारचे जनुक गारठ्यात अधिक काम करू लागते.

म्हणजे अवेळी पाऊस हानी करतो ती केवळ मोहोर झडून नव्हे. १ डिसेंबर २०२१ रोजी कोकणात झाला तसा पाऊस आला, की जमिनीत ओल येते, ढगांमुळे रात्री उबदार राहतात आणि त्याच सुमारास फुटणारा डोळा पालवीकडे वळतो. ती पालवी जून होईपर्यंत त्या फांदीचा मोहोर लांबतो. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी येते ते निराळेच.

पण खरी मेख पुढे आहे. समजा डिसेंबरात थंडी छान पडली, मोहोर आला, जानेवारीत वाटाण्याएवढी फळे धरली. अशा वेळी पुन्हा थंडीची लाट येऊन रेंगाळली, तर त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. कोकणातील बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाची अन्नसामग्री या नव्या मोहोराकडे ओढली जाते आणि आधीची बारीक फळे गळतात. नव्या मोहोराला फळ धरलेच, तर ते उशिरा तयार होते, बाजारभाव उतरल्यावर आणि पावसाच्या तोंडाशी. ज्या थंडीसाठी डिसेंबरात सगळे वाट पाहत होते, तीच पाच-सहा आठवड्यांनी आली की घात करते. फ्रान्समध्ये झाले ते हेच, फक्त अंश वेगळे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुनर्मोहोर रोखण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या ५० पीपीएम तीव्रतेच्या फवारणीची शिफारस केली आहे. जिबरेलिन हे वाढ करवणारे संप्रेरक आहे, आणि आंब्यात ते मोहोराला विरोध करते. पावसाळ्यात बुंध्याशी देतात ते पॅक्लोब्युट्राझोल नेमके याच्या उलट काम करते: ते झाडातील जिबरेलिनची निर्मिती अडवते, म्हणून मोहोर येण्यास मदत होते. एकाच कुलपाच्या या दोन किल्ल्या आहेत. फवारणी केव्हा करायची हे मात्र हवामान पाहून ठरवावे लागते, आणि तेच अवघड आहे.

मार्चमधल्या उष्णतेबद्दल थोडक्यात. मार्च २०२२ हा देशभराच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. अशा वर्षी पुनर्मोहोरातून वाचलेली फळेही उन्हाने भाजतात, गळतात.

नुकसान कोणाला दिसते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आडवे झाड सगळ्यांना दिसते. त्याचा पंचनामा होतो. जानेवारीतल्या दहा गार रात्रींनी गळलेली वाटाण्याएवढी फळे झाडाखालच्या पाचोळ्यात मिसळून जातात. त्यांचा पंचनामा कोण करणार? फळपीक विमा योजनेत यासाठीच कमी तापमान, जास्त तापमान आणि अवेळी पाऊस हे निकष ठेवलेले आहेत. ठरावीक काळात ठरावीक मर्यादा ओलांडली की भरपाई मिळते. कल्पना चांगली आहे. पण तापमान मोजले जाते महसूल मंडळातील हवामान केंद्रावर. महाबळेश्वरचा तलावकाठ आणि टेकडीचा माथा यांत काय फरक पडतो ते आपण वर पाहिले. रोह्याचे खोरेही असेच डोंगरांच्या मध्ये आहे. नदीकाठची सखल बाग आणि उतारावरची बाग यांची रात्र एकच नसते. केंद्र ज्या जागी आहे, तेथला आकडा दोघांनाही लागू होतो.

हा फरक किती आहे, हे शाळेला मोजता येईल. त्यासाठी चार-पाच साधे तापमापक पुरेत. किमान तापमान दाखवणारे मिळाले तर उत्तम. एक शाळेच्या व्हरांड्यात सव्वा मीटरवर, एक जवळच उघड्या गवतावर, एक नदीकाठच्या विद्यार्थ्याच्या घरी आणि एक उतारावरच्या वाडीतील विद्यार्थ्याच्या घरी ठेवावा. उघड्यावरचे तापमापक वगळता बाकीच्यांवर पुठ्ठ्याचे छप्पर असावे. सुरुवातीला सगळे एका बादलीतल्या पाण्यात बुडवून त्यांच्या वाचनांतील फरक टिपून घ्यावा, नाहीतर नंतर नुसते भांडण होते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रोज सूर्योदयापूर्वीचे वाचन लिहावे आणि पुढे आकाश निरभ्र होते की ढगाळ, वारा होता की नाही, हेही लिहावे. ढगाळ आणि निरभ्र रात्री वेगळ्या काढल्या की गवत आणि व्हरांडा यांतला फरक कोठे जास्त आहे, ते विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल.

याच मुलांनी प्रत्येक ठिकाणच्या एका कलमाच्या दहा फांद्यांना रंगीत सुतळी बांधावी, आणि दर रविवारी प्रत्येक शेंड्यावर काय आहे ते टिपावे: जून पान, फुगलेला डोळा, पालवी, मोहोर की फळ. फळे धरलेल्या फांदीच्या शेंड्याला पुन्हा मोहोर दिसला, तर वहीची पाने उलटून त्याआधीच्या तीन आठवड्यांच्या पहाटेची तापमाने काढावीत, आणि नदीकाठच्या झाडाची उतारावरच्या झाडाशी तुलना करावी.